हाल म्हणजे दूध

बैलहोंगल,
रविवार दुपार

ती. आई आणि ती. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गुरुवारी फोनवर मी तुम्हा दोघांना इकडं बैलहोंगलला माझ्याकडं राहायला या म्हटलं, तर आईनं मला पुढं बोलूच दिलं नाही. "येऊ की. खरं मला तिथली भाषा कळत नाही. परत माझ्या हातनं काही झालं तर?" एवढं म्हणून तिनं फोन बाबांकडं दिला, आणि बाबा पावसाचं बोलत राहिले. म्हणून हे पत्र. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधेच उठून ती चुलीकडं गेली तर थांबा, परत येऊन बसली की पुढचं वाचा. पत्र दोघांना आहे, पण जास्त तिच्यासाठी आहे.

आई, दवाखान्यातल्या त्या पहाटेचं मी आता नीट जुळवून बघितलंय. मी पहिल्या बसनं निघालो होतो, वाटेतच होतो. बाबांच्या पायात सळी घालायची होती. भूल द्यायची म्हणून पोट रिकामं हवं होतं, कारण पोटात काही असलं की भुलीत ते उलटून श्वासनळीत जायची भीती असते. साध्या पाण्याला दोन तास पुरतात, दुधाला सहा तास लागतात. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. पाचच्या सुमाराला ती नवी नर्स आली, बागलकोटकडची, मराठीचा तिला गंध नव्हता. बाबांच्या खाटेपाशी उभी राहून ती तुला म्हणाली, "हाल कुडसब्याड्रि."

तू मला नंतर काय सांगितलंस आठवतं? "ती म्हणाली, म्हाताऱ्याच्या कुडीचे हाल होऊ देऊ नका." तुझ्या कानावर दोनच शब्द पडले होते, हाल आणि कुडी. दोन्ही जन्मभर ऐकलेले. आणि समोर नवरा रात्रभर कण्हत पडलेला. मग तू उठलीस, थर्मासमधलं दूध पेल्यात ओतलंस, साखर घालून बोटानं ढवळलंस आणि बाबांना मानेखाली हात घालून पाजलंस.

कन्नडमध्ये हाल म्हणजे दूध. लिहिताना हालु लिहितात, पण आपल्या बेळगाव जिल्ह्यात शेवटचा उ गिळून टाकतात आणि हालच उरतो. कुडि म्हणजे पी, आणि कुडसु म्हणजे पाज. ब्याड म्हणजे नको. दूध पाजू नका, एवढंच ती म्हणाली होती.

म्हणजे तो हाल तू तंतोतंत ऐकलास, आई. एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही तुझं. तिनं हाल म्हटलं, तू हाल ऐकलंस. ऑपरेशन दोन दिवस पुढं गेलं, बाबांना दोन दिवस जास्त सोसावं लागलं, हे खरं आहे. पण सगळ्या वॉर्डासमोर तुला "सांगितलेलं कळत नाही का?" असं विचारलं गेलं, तो प्रश्न तुझ्यासाठी नव्हताच. समोरच्या बाईला कळेल अशा भाषेत सांगणं हे सांगणाऱ्याचं काम होतं, आणि आदल्या रात्री तुझ्याजवळ थांबणं हे माझं काम होतं. त्या दिवसापासून तू बाबांना दूध देताना आधी दोनदा विचारतेस, असं बाबा म्हणाले. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

बाबा, तुमचंही असंच झालं होतं, पण तुम्ही ते मनाला लावून घेतलं नाही. डॉक्टर म्हणाले, "काल यत्रि," आणि तुम्ही म्हणालात, "काल नाही साहेब, परवा आलो." काल म्हणजे पाय, यत्रि म्हणजे उचला. आपला काल संस्कृतातल्या कल्य शब्दाची वाट चालत आलाय. त्यांचा कालु तमिळमधल्या काल शब्दाचा सख्खा भाऊ, तिकडंही पायच. डॉक्टरांनी मग तुमच्या पायाला हात लावून दाखवलं, तुम्ही उचललात, झालं. त्या नर्सनं पेल्याकडं एकदा बोट दाखवलं असतं तर आईचंही तिथंच निस्तरलं असतं.

मी इथं बँकेत लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात एक शेतकरी खिडकीशी येऊन म्हणाला, "साल बेकागैत्रि." मी आपला विचारतोय, कुठलं साल? त्याला वाटलं मी त्याला टाळतोय. तो टोपी काढून उभा राहिला. साल म्हणजे कर्ज. आपलं साल फारसीतलं, वर्ष. इथं दिवसभर माझ्या कानावर साल, साल पडत असतं आणि प्रत्येक वेळी मला बा आठवतात, माझे आजोबा.

बाबा, बा सालगडी होते ना. लहानपणी मला त्यात वावगं काही वाटायचं नाही. सालभर राबणारा गडी तो सालगडी. पाडव्याला साल ठरायचं, धान्य किती, पैसे किती, कांबळं एक. आधी उचल घ्यायची आणि वर्षभर अंगानं फेडायची. वर्ष संपलं तरी उचल संपायची नाही, म्हणून पुढचं साल परत त्याच दारात. तुम्ही सांगायचा, बांची अशी अकरा सालं गेली. आता इथं बसून मला तो शब्द कन्नड कानांनी ऐकू येतो. कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज आणि गडि म्हणजे सीमा, सरहद्द. शब्द आपलाच, कन्नड माणसाला तो असा जोडून काही सांगणार नाही. पण बांचं आख्खं आयुष्य त्यात दोन्ही बाजूंनी बसतं. कर्जात गेलं, आणि सरहद्दीवर गेलं.

आज्जी सांगायची तो दिवस मला तोंडपाठ आहे. 1 नोव्हेंबर 1956. सुगीचे दिवस, भात कापणीला आलेलं. तुम्ही तेव्हा आज्जीच्या कडेवर. बा मालकाच्या शिवारात होते. संध्याकाळी चावडीपाशी कुणी तरी सांगितलं की आपण आता मुंबई राज्यात नाही, म्हैसुरात आहोत. जिल्ह्यातलं चंदगड तेवढं पलीकडं राहिलं आणि कोल्हापूरला जोडलं गेलं, म्हणून मावशीचं सासर एका राज्यात आणि आपण दुसऱ्या. आम्ही पोरं हुतूतू खेळताना दोन बाजूंनी गडी वाटून घ्यायचो, तू माझा, तो तुझा. इथल्या वर्तमानपत्रात मथळ्यात गडि शब्द दिसला की मला आधी ते मैदान दिसतं. मग पुढचं वाचतो तर सीमाप्रश्न असतो. ज्यांना वाटून घेतलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे मला अजून टोचतं आणि टोचत राहील. पण खिडकीशी टोपी काढून उभ्या राहिलेल्या त्या म्हाताऱ्यानं ते वाटप केलं नव्हतं. त्याचंही साल बांसारखंच फिटत नाही.

आमच्या शाखेत मदुराईकडचे एक साहेब बदलून आलेत. ते मला तंबी म्हणून हाक मारतात. पहिल्यांदा मी दचकलो, वाटलं काही चुकलं म्हणून तंबी देतायत. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. एकदा दुपारी डबा खाताना मी त्यांना तुझी दुधाची गोष्ट सांगितली, आई. राग येऊ देऊ नकोस, मला ती कुणाला तरी सांगायचीच होती. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, आमच्याकडं दुधाला पाल म्हणतात. तू हे ऐकून तोंड वाकडं करशील, भिंतीवरची पाल आठवून! पण पुढचं ऐक. कन्नडमध्येसुद्धा दूध हजार वर्षांपूर्वी पालच होतं. मग शब्दाच्या सुरुवातीचा प हळूहळू ह होत गेला. तमिळमध्ये दहा म्हणजे पत्तु, कन्नडमध्ये हत्तु. तमिळमध्ये गा म्हणायचं तर पाडु, कन्नडमध्ये हाडु. तसाच पालचा हाल झाला. आणि आपला हाल? तो अरबीतला. फारसी बोलणाऱ्या दरबारांतून मराठीत उतरला. तिकडं त्याचा अर्थ नुसती अवस्था, बरी किंवा वाईट, आपण हालहवाल विचारतो त्यातला. वाईट अवस्था हा अर्थ आपण त्याला दिला.

बघ, एक हाल अरबस्तानातून आला, एक दक्षिणेतून प टाकत टाकत आला. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. आणि त्यांची गाठ पडली ती त्या वॉर्डात, पहाटे पाच वाजता, तुझ्या कानात.

ही गोष्ट कळल्यावर मला फार हलकं वाटलं, म्हणून एवढी सविस्तर लिहितोय. तुझ्या अडाणीपणाची गोष्ट नाही ही. तू अडाणी नाहीसच. दोन मोठ्या भाषा शेकडो वर्षं आपापल्या वाटेनं चालल्या आणि आपलं गाव नेमकं त्या वाटा जुळतात तिथं आहे. मूग म्हटलं की आपल्याला डाळ दिसते, इथल्याला नाक. आपलं हाड हाडच, त्यांचं हाड म्हणजे गाणं. शेजारचं पोर कुत्र्याला बघून "नायि, नायि" ओरडतं आणि मला वाटतं काही तरी नको म्हणतंय. आणि हत्ती! आपल्याकडं दांडेलीच्या जंगलातून हत्ती शिवारात उतरला की भात गेलं म्हणून समजायचं. इथं काळी माती, कापसाचा मुलूख. इथं हत्ति म्हणजे कापूस. आमच्या शिपायानं एकदा रस्त्यावरची लॉरी दाखवून सांगितलं, "लॉरी तुंब हत्ति," लॉरी भरून हत्ति. मी मान वर करून बघतोय तर पांढऱ्या गाठी, दोरांनी करकचून बांधलेल्या, आणि फटींतून निघालेले पुंजके वाऱ्यावर उडत बँकेच्या पायरीपर्यंत आलेले. त्यातला एक मी उचलून खिशात ठेवला होता, तुझ्या समईच्या वातींसाठी. तुला दिला तेव्हा कुठला ते सांगितलं नव्हतं.

आणि आई, हे सगळं तुला नवीन नाहीच. मंदिरात एकादशीला भजनाला बसतेस तेव्हा तुकोबांचा तो कानडीनं मराठा नवरा केल्याचा अभंग तूच तर उचलतेस. मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून तो शेकडो वेळा ऐकलाय. ती बायको नवऱ्याला "इल बा" म्हणून बोलावते आणि तो शपथ घातली समजून पळत सुटतो. लहानपणी मी हसायचो, पण इल बा म्हणजे काय ते कधी विचारलं नाही, आणि तूही सांगितलं नाहीस, कारण तुलाही ते नुसतं अभंगातलं म्हणून ठाऊक होतं. इल्लि बा. इल्लि म्हणजे इथं, बा म्हणजे ये. ती बिचारी फक्त "इकडं ये" म्हणत होती. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी तुकोबांना हे कळलं होतं की नेमकं कुठं अडतं.

घरमालकीण रोज दिवेलागणीला तिच्या नातवाला हाक मारते, "इल्लि बा, लगू बा." पहिले काही दिवस ती हाक ऐकली की माझ्या पोटात कालवायचं. आपण आजोबांना बा म्हणायचो, आणि ते गेल्यावर घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. इथं तो रोज संध्याकाळी दारातून ऐकू यायचा, आणि त्याचा अर्थ होता, ये.

लगू हा शब्द दिसला ना तुला? लगू म्हणजे लवकर, आपल्या लगोलगसारखाच. आपल्या जिल्ह्यातल्या कन्नडनं आपल्याकडून कितीतरी शब्द घेतलेत. खोलीला ते खोलीच म्हणतात, खऱ्याला खरे. उलट अण्णा, अक्का, अप्पा हे आपण त्यांच्याकडून घेतले आणि विसरून गेलो. तू तुझ्या थोरल्या बहिणीला जन्मभर अक्का म्हणत आलीस, म्हणजे तुझ्या तोंडातला पहिल्या काही शब्दांमधला एक कन्नड होता. अन् खरं सांगायचं तर आपल्यातुपल्यातही हे असतंच. पुण्यात शिकायला होतो तेव्हा मी "येतो खरं उशीर होईल" असं म्हटलं की तिथली मुलं बघत राहायची. आपल्या बेळगावी मराठीत खरं म्हणजे पण, हे त्यांना कुठून कळणार! एका भाषेतसुद्धा दोनशे मैलांवर अर्थ बदलतो, तर वेगळ्या कुळातल्या भाषेत बदलला यात तुझा काय दोष?

घरमालकीण तुला ताई म्हणेल, तेवढं मात्र आधीच सांगून ठेवतो. ती तुझ्याच वयाची आहे, तुला वाटेल ही मला थोरली बहीण का करतेय. त्यांच्याकडं तायि म्हणजे आई. तुला ती आई म्हणणार आहे. आणि मी कोण म्हणून कुणी विचारलं तर ती सांगेल, मग. आपण गोष्ट सांगताना म्हणतो ना, मग काय झालं, तोच मग. इथं मग म्हणजे मुलगा.

आता कामाचं. बाबांना अजून सहा आठवडे पायावर भार द्यायचा नाही. आपल्याकडं जांबोटी भागात पाऊस कसा असतो ते तुम्हाला मी काय सांगू, अंगणात शेवाळ, मोरीकडं जायला चार पायऱ्या, वीज गेली की दोन दोन दिवस नाही. परत घसरले तर? इथं घर तळमजल्याला आहे, मोरी खोलीला लागून आहे, हाडांचे डॉक्टर पाच मिनिटांवर आहेत. मी शनिवारी सुट्टी टाकलीय. खानापुरातून गाडी ठरवून मी स्वतः न्यायला येतो, बाबांना मागच्या सीटवर पाय लांब करून बसता येईल. गोठ्याचं मी धाकट्याशी बोललोय, दोन्ही वेळा तो बघेल. दवाखान्यात जायची वेळ आली तर या खेपेला मी बरोबर असेन, आणि कुणी काही सांगितलं तर आधी मला मराठीत सांग म्हण, हे तुला आत्ताच सांगतोय. ते विचारायचा तुला हक्क आहे.

आई, तुझी ती कापडी पिशवी, टाळ आणि समई घे. कपड्यांचं मी बघतो. बाबांची कागदपत्रं आणि एक्स-रेचा लिफाफा घडी न घालता घ्या. तो स्टीलचा पेला दवाखान्यातून आल्यापासून तू फडताळात मागं ढकलून ठेवलायस असं धाकटा म्हणाला. तो पण घे.

काल संध्याकाळी घरमालकीण अंगणात म्हशीची धार काढत होती. मी तुम्ही येणार म्हणून सांगितलं. तिनं विचारलं, "मनिग याग बर्तार्रि?" घरी कधी येणार. आपल्याकडं मनी म्हणजे मनात, बँकेतल्या साहेबांना मनी म्हणजे पैसा, आणि इथं मनि म्हणजे घर. मी शनिवार म्हणालो. तिनं चरवी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि परत विचारलं, "निम्म अव्वाग एष्ट हाल बेकु?" तुझ्या आईला किती दूध लागेल.

मी अर्धा लिटर सांगितलंय. बाबांना जास्त हवं असेल तर शुक्रवारच्या आत कळवा.

तुमचा,
थोरला